१०० गावरान कोंबड्या निरोगी आहेत, हे सिद्ध कसं करायचं?

जानेवारी २०२५. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडू लागले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच महिन्यात रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेर गावात कोंबड्यांमध्ये हाच आजार सापडला. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्याही याच विषाणूने दगावल्याचं समोर आलं.

अशा बातम्या आल्या की पुढचं सगळं ठरलेलं असतं. 'चिकन खाऊ नका'चे मेसेज मोबाइलवर फिरतात. आठवडी बाजारातली गर्दी ओसरते. एरवी दरावरून घासाघीस करणारं गिऱ्हाईक वेगळाच प्रश्न विचारतं : "तुमच्या कोंबड्यांचं सर्टिफिकेट आहे का?"

मोठ्या पोल्ट्री कंपनीकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. तिचे स्वतःचे डॉक्टर असतात, प्रयोगशाळा असते, नोंदवह्या असतात. पण घराच्या मागे १०० गावरान कोंबड्या पाळणाऱ्या बाईने काय दाखवायचं? तिच्या कोंबड्या ठणठणीत असतीलही. ते सिद्ध करायला तिच्याकडे काहीच नसतं.

ही अडचण थोड्याथोडक्या लोकांची नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५.१८ कोटी कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी होते. त्यातले ३१.७ कोटी परसातले, म्हणजे घराच्या आसपास पाळलेले. आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातले पक्षी जवळपास ४६ टक्क्यांनी वाढले, तर व्यावसायिक फार्मवरचे फक्त साडेचार टक्क्यांनी. गावरान कोंबडी आणि अंड्याला शहरात मागणी आहे, दरही चांगला मिळतो. धंदा वाढला, पण त्याच्या विश्वासाचा कागद मात्र मागेच राहिला.

'सर्टिफिकेट' म्हणजे नेमकं कोणतं?

या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे कागद येतात आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिला कागद म्हणजे प्रवासाचा आरोग्य दाखला. कोंबड्या एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायच्या असतील तर पशुवैद्यक त्या पाहतो आणि 'संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत, प्रवासाला योग्य आहेत' असं लिहून देतो.

दुसरा कागद लसीकरणाच्या नोंदीचा. कोणत्या दिवशी, कोणती लस, किती पक्ष्यांना दिली, याची ती नोंद असते. तो आरोग्याचा दाखला नव्हे, पण दाखला देताना डॉक्टर सगळ्यात आधी तोच मागतात.

तिसरा प्रयोगशाळेचा अहवाल. पक्ष्यांचं रक्त किंवा घशातला आणि गुदद्वारातला स्राव तपासून अमुक रोगाचा अंश सापडला की नाही, हे त्यात लिहिलेलं असतं.

गिऱ्हाईक 'सर्टिफिकेट' म्हणतं तेव्हा त्याच्या मनात या तिन्हींपैकी काहीच नसतं. त्याला हवा असतो चौथाच कागद : 'या घरच्या कोंबड्या नियमित तपासल्या जातात आणि त्या रोगमुक्त आहेत' अशी कायमस्वरूपी नोंद. छोट्या पाळणाऱ्याला सहज घेता येईल असा हा चौथा कागद आपल्याकडे नाही. खरी अडचण तिथे आहे.

प्रवासाचा दाखला कसा मिळतो?

हा दाखला कायद्यात आहे. प्राण्यांच्या वाहतुकीचे केंद्राचे नियम १९७८ चे. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन कोंबड्यांच्या वाहतुकीचा वेगळा भाग आला. त्यानुसार नेल्या जाणाऱ्या कोंबड्या निरोगी हव्यात आणि त्या संसर्गजन्य रोगापासून मुक्त व प्रवासाला योग्य असल्याचं पशुवैद्यकाने तपासून प्रमाणित केलेलं हवं.

त्याच नियमांत बाकीही बरंच आहे. एका खोक्यात एकाच जातीचे आणि एकाच वयोगटाचे पक्षी ठेवायचे. नर आणि माद्या एकत्र न्यायच्या नाहीत. उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी मिळेल अशी सोय हवी. तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५ अंशांच्या खाली असेल तर वाहतूक करायची नाही. महाराष्ट्रात २५ अंशांची अट शब्दशः पाळायची ठरवली तर वर्षातले कितीतरी दिवस भर दुपारी कोंबडी हलवताच येणार नाही.

प्रत्यक्षात काय होतं, ते कोणत्याही आठवडी बाजारात दिसतं. पाय बांधलेल्या कोंबड्या मोटारसायकलच्या हँडलला लटकवून येतात, पाटीतून येतात, एसटीच्या सीटखालून येतात. दाखला कोणी मागत नाही आणि कोणी काढतही नाही. पक्षी परराज्यात न्यायचे असतील, सरकारी योजनेत पुरवायचे असतील किंवा कुठे साथ सुरू असेल, तेव्हाच तो आठवतो.

दाखला हवा असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जावं लागतं. किती पक्षी, कोणत्या वयाचे, कुठून कुठे, कोणत्या गाडीने, कधी, ही माहिती द्यायची. डॉक्टर पक्षी पाहतात. तुरा निळसर पडलाय का, डोळे-नाक वाहतंय का, मान वाकडी होतेय का, विष्ठा हिरवट किंवा पांढरी आहे का, दाणा-पाणी कमी झालंय का, गेल्या काही दिवसांत किती मेले, हे विचारतात. मग लसीकरणाची वही मागतात. बरेच जण इथेच अडकतात, कारण वही नसते.

नुसतं पाहून का भागत नाही?

दाखला म्हणजे त्या दिवशी डोळ्यांना जे दिसलं त्याची नोंद. उद्याची हमी त्यात नाही, आणि पोटात दडलेल्या रोगाचीही नाही.

बर्ड फ्लूचा विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही दिवस जातात. कोंबड्यांच्या संपूर्ण समूहाचा विचार करताना जागतिक पशुआरोग्य संघटना हा काळ १४ दिवसांचा धरते. बदकं तर कित्येकदा आजारी न दिसताच विषाणू पसरवतात. म्हणजे सोमवारी दाखला घेतलेले पक्षी शुक्रवारी मरू शकतात आणि त्यात डॉक्टरांची काहीच चूक नसते.

दुसरी अडचण म्हणजे रोग एकमेकांसारखे दिसतात. ग्रामीण भागात ज्याला मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग आणि बर्ड फ्लू, दोन्हींत पक्षी भराभर मरतात, धापा टाकतात, मान टाकतात. नुसतं बघून अनुभवी डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाही. एकासाठी लस आहे. दुसरा निघाला तर आसपासच्या सगळ्या कोंबड्या मारल्या जातात. फरक एवढा मोठा, आणि तो कळतो फक्त प्रयोगशाळेत.

तिसरा प्रकार सगळ्यात चोरटा. साल्मोनेला पुलोरम नावाच्या जिवाणूमुळे पिल्लांना पांढरी हगवण लागते आणि ती पटापट मरतात. त्यातून वाचलेली तलंग मोठी होते, धडधाकट दिसते, अंडी घालते आणि अंड्यातूनच पुढच्या पिल्लांना रोग देते. पिल्लं विकणाऱ्यासाठी हा रोग फार महत्त्वाचा, कारण त्याच्याकडचा एक आजार शंभर घरांत जातो.

बर्ड फ्लूची शंका आली तर नमुने पशुसंवर्धन विभागामार्फत जातात. राज्यात पुण्यातल्या औंध इथली विभागाची प्रयोगशाळा पहिली तपासणी करते. अंतिम खातरजमा भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. ही व्यवस्था साथ शोधण्यासाठी उभी आहे. एखाद्या गावच्या बाईला 'माझ्या कोंबड्या चांगल्या आहेत, लिहून द्या' असं म्हणून दरवर्षी वापरता यावी, अशी तिची रचनाच नाही.

मोठ्यांना मात्र कवच मिळालं

ऑक्टोबर २०२३ मध्ये एक महत्त्वाची घडामोड झाली. भारताने २६ पोल्ट्री 'कम्पार्टमेंट' बर्ड फ्लूमुक्त असल्याचं स्वतः जाहीर केलं आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने ते मान्य केलं. महाराष्ट्र, तमिळनाडू, छत्तीसगड आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांत हे कम्पार्टमेंट आहेत.

कम्पार्टमेंट म्हणजे भौगोलिक भाग नव्हे. एकाच व्यवस्थापनाखालची फार्म, उबवणी केंद्रं, खाद्याचे कारखाने यांचा तो बंदिस्त समूह असतो. बाहेरचा पक्षी आत येत नाही, येणारा माणूस आणि गाडी निर्जंतुक होऊनच आत जाते, खाद्य-पाण्याची तपासणी होते, ठरलेल्या काळाने नमुने जातात आणि सगळ्याची लेखी नोंद राहते. म्हणून शेजारच्या जिल्ह्यात बर्ड फ्लू निघाला तरी 'आमच्या कुंपणाच्या आत तो नाही' असं पुराव्यानिशी सांगता येतं. परदेशी खरेदीदार ते मानू शकतो आणि निर्यात चालू राहू शकते.

यात गैर काही नाही. कोंबडी आणि अंड्यांच्या निर्यातीला अशी व्यवस्था लागतेच. पण तत्त्व नीट पाहिलं तर प्रश्न उभा राहतो. 'रोग जिल्ह्यात असला तरी माझ्याकडे नाही, हे मी सिद्ध करू शकतो' ही सोय ज्याला कुंपण, डॉक्टर आणि प्रयोगशाळा परवडते त्याच्यासाठी तयार झाली. परसातल्या कोंबडीला तिच्या गावाच्या नशिबाशी बांधूनच ठेवलं गेलं.

साथ आली की काय होतं?

महाराष्ट्राला हे चांगलं माहीत आहे. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात तो निघाला, आणि तिथे परसातल्या कोंबड्यांना झळ बसली. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. त्यानंतर फेब्रुवारीत नवापूर पुन्हा बातम्यांत आलं.

केंद्राच्या कृती आराखड्यानुसार रोग सापडलेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या परिसरातले सगळे पाळीव पक्षी मारले जातात. निरोगी असोत वा नसोत. त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंतच्या भागावर लक्ष ठेवलं जातं. पक्षी, अंडी, खाद्य यांच्या ने-आणीवर बंधनं येतात. साफसफाई झाल्यावर निर्जंतुकीकरणाचा दाखला मिळतो आणि त्यानंतरही तीन महिने नमुने तपासले जातात.

एक किलोमीटरच्या आत कोणतंही प्रमाणपत्र कोंबडी वाचवू शकत नाही आणि वाचवू नये. इतक्या जवळ विषाणू असताना 'माझी तपासलेली आहे' म्हणून सूट दिली तर साथ आटोक्यात येणार नाही. हे कठोर असलं तरी शास्त्राला धरून आहे.

दुखणं भरपाईत आहे. २०२१ च्या साथीत राज्याने जे दर दिले त्यानुसार आठ आठवड्यांवरच्या अंडी देणाऱ्या कोंबडीला ९० रुपये, त्याहून लहान असेल तर २० रुपये. सहा आठवड्यांवरच्या मांसल पक्ष्याला ७० रुपये, अंड्याला ३ रुपये. बाजारात अंड्यावर आलेली गावरान कोंबडी याच्या कितीतरी पट किमतीला जाते. शिवाय भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. आणि पथक आलं तेव्हा घरात किती पक्षी होते याची आधीची नोंद नसेल तर आकड्यावरून वाद होतो तो वेगळाच.

याचा परिणाम काय होतो? चार कोंबड्या मेल्या तर कळवायचं की गुपचूप पुरायचं, असा विचार होतो. संसर्गजन्य पशुरोगांच्या २००९ च्या कायद्याने अशा आजाराची शंका आली तरी कळवणं मालकावर बंधनकारक आहे. पण कळवणाऱ्याच्या पदरात नुकसान आणि लपवणाऱ्याच्या पदरात बाजारभाव पडत असेल, तर कायद्याचं कलम पुरेसं पडत नाही. काही जण तर उरलेल्या कोंबड्या घाईने विकून मोकळे होतात, आणि रोग पुढच्या बाजारात पोचतो.

मग छोट्या पाळणाऱ्याला प्रमाणपत्राचा उपयोग कुठे? एक किलोमीटरच्या बाहेर. म्हणजे साथीच्या आसपासच्या तालुक्यात, शेजारच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या राज्यात. जानेवारी २०२१ मध्ये मध्य प्रदेशाने दक्षिणेकडच्या काही राज्यांतून येणाऱ्या कोंबड्या १० दिवस थांबवल्या होत्या. दिल्लीने बाहेरून येणारे जिवंत पक्षी बंद केले आणि गाझीपूरची बाजारपेठ बंद ठेवली होती. अशा बंदीत रोगाजवळचा आणि रोगापासून शेकडो किलोमीटर दूरचा, दोघेही एकाच काठीने हाकले जातात. कारण त्यांच्यात फरक करणारी नोंदच नसते.

इतर देश काय करतात?

या बाबतीत अमेरिकेचं उदाहरण उपयोगी आहे. तिथे १९३५ पासून 'राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना' चालते. सुरुवात झाली ती वर सांगितलेल्या पांढऱ्या हगवणीमुळे. त्या काळी हा रोग अमेरिकेत पिल्लांचा फडशा पाडत होता. सरकार, राज्यं आणि पोल्ट्री व्यावसायिक यांनी मिळून ठरवलं की ज्यांच्या कोंबड्या तपासून रोगमुक्त निघतील त्यांना तसा दर्जा आणि क्रमांक द्यायचा.

या योजनेची तीन वैशिष्ट्यं आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

एक, ती ऐच्छिक आहे. पण बहुतेक राज्यं बाहेरून येणाऱ्या पिल्लांसाठी आणि उबवणीच्या अंड्यांसाठी असा दर्जा किंवा तपासणीचा पुरावा मागतात. त्यामुळे ज्याला विकायचं आहे तो स्वतःहून येतो.

दोन, ती छोट्यांसाठीही आहे. अंगणात ३० कोंबड्या पाळणारा माणूसही सहभागी होऊ शकतो. चार महिन्यांवरच्या पक्ष्यांची तपासणी होते आणि ती दरवर्षी करावी लागते.

तीन, तपासणी साधी आहे. पंखाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, काचेच्या पट्टीवर रंगीत द्रावणाच्या थेंबात मिसळायचा आणि साधारण दोन मिनिटं पाहायचं. गुठळ्या दिसल्या तर पक्षी संशयित, मग पुढची तपासणी प्रयोगशाळेत. त्यासाठी दर वेळी डॉक्टरच लागतो असं नाही, प्रशिक्षण घेतलेली व्यक्तीही हे काम करते. ही चाचणी भारतातल्या पशुवैद्यकांनाही नवी नाही.

ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. पूर्वी तिथे ५० किंवा अधिक पक्षी असणाऱ्यांनाच नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक कोंबडी पाळली तरी नोंदणी करावी लागते. त्यातून आरोग्याचा दाखला मिळत नाही, पण जवळपास रोग सापडला तर सरकार त्या घराला थेट कळवू शकतं. कोणाकडे किती पक्षी आहेत हे आधीच माहीत असतं.

दोन्ही देशांत बर्ड फ्लू आलाच नाही, असं मुळीच नाही. अमेरिकेत २०२२ पासून त्याने मोठमोठी फार्म रिकामी केली. पांढऱ्या हगवणीपासून मुक्त असलेली कोंबडी बर्ड फ्लूपासून सुरक्षित असते असंही नाही, दोन्हींची तपासणी वेगळी. कागदाने विषाणू अडत नाही. पण कोणाकडे काय आहे हे माहीत असल्यामुळे साथीच्या वेळी निर्णय अंदाजाने घ्यावे लागत नाहीत.

आपल्याकडे हे जमेल का?

गाई-म्हशींच्या कानात १२ अंकी बिल्ला मारून त्यांची ऑनलाइन नोंद ठेवायला आपण सुरुवात केली आहे. कोंबडीला बिल्ला मारणं व्यवहार्य नाही. पण घराला किंवा खुराड्याला एक क्रमांक देता येईल. त्या क्रमांकावर पक्ष्यांची संख्या, लसीकरण आणि तपासण्या नोंदवल्या तर तोच त्या घरचा दाखला होईल. साथ आलीच तर भरपाईच्या वेळी किती पक्षी होते हा वादही राहणार नाही.

अडथळे मात्र खरे आहेत. पहिला माणसांचा. एका पशुवैद्यकीय दवाखान्याकडे अनेक गावं असतात. गाय विण्यात अडलेली असताना डॉक्टर १५ कोंबड्यांचं रक्त घ्यायला जाणार नाहीत, जाऊही नये. हे काम प्रशिक्षित गावपातळीवरच्या व्यक्तीकडे द्यावं लागेल.

दुसरा अडथळा लसीच्या बाटलीचा. राणीखेतची लस साधारण १०० किंवा त्याहून जास्त मात्रांच्या बाटलीत येते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की थोड्याच वेळात संपवावी लागते. ज्या घरी १२ कोंबड्या, तिथे बाकीची बाटली वाया. म्हणून अनेक जण लसच देत नाहीत. यावर उपाय एकच : गल्लीने किंवा बचत गटाने मिळून एकाच सकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना लस द्यायची. प्रमाणपत्राचा विचारही घराऐवजी गटाच्या पातळीवर केला तर खर्च वाटला जातो. शेजारणीची कोंबडी आपल्याच अंगणात चरते, तेव्हा एका घराला 'रोगमुक्त' म्हणण्यात तसाही फारसा अर्थ नाही.

तिसरा धोका उलट बाजूचा. दाखला सक्तीचा केला आणि तो द्यायला माणूस नसला, तर छोटा पाळणारा बाजारातून बाहेर फेकला जाईल किंवा दाखल्यासाठी चिरीमिरी द्यावी लागेल. गावात कोंबड्यांचे पैसे बहुतेकदा बाईच्या हातात राहतात. मुलाची वही, स्वतःचं औषध, पाहुणा आला तर साखर, हे त्यातून भागतं. घाईघाईने आणलेल्या नियमाचा पहिला फटका तिलाच बसेल. म्हणून सुरुवात ऐच्छिक हवी, फुकट किंवा नाममात्र शुल्कात हवी आणि आधी पिल्लं व उबवणीची अंडी विकणाऱ्यांपासून व्हायला हवी. रोग पसरण्याचा सगळ्यात मोठा मार्ग तोच आहे.

आज, आत्ता काय करता येईल?

चौथा कागद येईल तेव्हा येईल. तोवर छोट्या पाळणाऱ्याला स्वतःची बाजू भक्कम करता येते.

• एक वही ठेवा. पिल्लं कुठून, कधी, किती आणली, किती मेली, किती विकली, हे तारखेसह लिहा. खरेदीच्या पावत्या आणि लसीच्या बाटलीवरच्या लेबलचा फोटो जपा.

• लसीकरण चुकवू नका. साधारणपणे पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा लस, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास राणीखेतची आर-टू-बी लस देतात. देवीची लसही लागते. नेमकं वेळापत्रक जवळच्या दवाखान्यातून लिहून घ्या.

• नवीन आणलेली कोंबडी लगेच इतरांत सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. बाजारातून न विकता परत आलेल्या कोंबडीलाही हाच नियम लावा.

• बदकं आणि कोंबड्या एकत्र ठेवू नका. दाणा-पाणी उघड्यावर ठेवलं तर कावळे, चिमण्या, बगळे तिथे येतात. ते झाकलेल्या जागी द्या.

• पक्षी विकायला दूर न्यायचे असतील तर निघायच्या दिवशी नाही, चार दिवस आधी दवाखान्यात कळवा. वही सोबत न्या. शुल्क भरलं तर पावती घ्या.

• एकाच वेळी अनेक पक्षी मेले तर त्यांना उघड्या हाताने हात लावू नका, कापू नका, ओढ्यात टाकू नका. दवाखान्यात किंवा १९६२ या पशुआरोग्याच्या निःशुल्क क्रमांकावर कळवा. कळवल्याची वेळ वहीत लिहा. पथक येण्याआधी मेलेल्यांची भरपाई नाही, त्यामुळे लवकर कळवण्यात पाळणाऱ्याचाही फायदा आहे.

आणि खाणाऱ्यांनी काय करायचं? साथीच्या बातम्या आल्या तरी नीट शिजवलेलं चिकन आणि अंडी सुरक्षित असतात. आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान पोचलं की विषाणू टिकत नाही, आणि आपल्याकडचा रस्सा त्याहून कितीतरी जास्त उकळतो. काळजी घ्यायची ती कच्चं मांस हाताळताना : हात धुवा, सुरी आणि पाट वेगळा ठेवा, अर्धकच्चं अंडं टाळा.

ओळखीच्या पाळणाऱ्याकडून कोंबडी घेत असाल तर 'सर्टिफिकेट आहे का?' याऐवजी 'लस कधी दिली, वही आहे का?' असं विचारा. ज्या सर्टिफिकेटचा ती व्यवस्थाच नाही, ते मागून कोणाकडेच उत्तर नसतं. वही मात्र कोणीही ठेवू शकतं. आणि गिऱ्हाईक वही मागू लागलं, तर ती ठेवलीही जाईल.